फोटोवर माउस नेला की मजकूर दिसावा: कातळशिल्पांच्या पानासाठी मदत हवी

सडाफुली

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं मी आणि बाबा सुट्टी मिळेल तशी रत्नागिरी-राजापूरकडचे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची सपाट माळरानं, पालथे घालतोय. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू अशा ठिकाणच्या कातळशिल्पांचे, म्हणजे कातळावर कोरलेल्या जुन्या चित्रांचे, बरेच फोटो जमलेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या लोकांनी गावोगाव पायपीट करून ही शिल्पं शोधली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव लागलं. पण आमच्याच तालुक्यातल्या कितीतरी घरांत ती अजून कुणी पाहिलेली नाहीत. म्हणून एक साधं वेबपान करतेय.

पान असं हवंय: फोटोंची जाळी, फोटोवर माउस नेला की त्यावर काळसर पडदा यावा आणि पांढऱ्या अक्षरांत शिल्पाचं नाव, गाव, माप आणि दोन-तीन ओळींची माहिती दिसावी. केलं. लॅपटॉपवर पहिल्यांदा चाललं तेव्हा फार आनंद झाला. मग अडचणी सुरू झाल्या.

एक, माउस फोटोवर ठेवला की मजकूर थरथरतो. दिसतो, जातो, दिसतो, जातो. दोन, बाबांच्या फोनवर मजकूर येतच नाही, फोटोला बोट लावलं की थेट मोठा फोटो उघडतो. तीन, अक्षरांचे खालचे उकार आणि वरच्या वेलांट्या कापल्या जातात.

तयार कोड नको, असं का होतं ते समजावून सांगा. इथली चार दहावीची मुलं माझ्याबरोबर शिकताहेत, त्यांना हा धागा वाचायला देणार आहे. म्हणून शक्य तितकं मराठीत, शब्दांत लिहा. कोड आम्ही बसून लिहू.

जुनाखांब

सडाफुली, विषय आवडला. थरथरीपासून सुरुवात करतो.

माझा अंदाज असा की तुम्ही मजकुराला 'डिस्प्ले नन', म्हणजे 'दाखवू नको', दिलंय आणि 'इमेजवर होव्हर असेल तर शेजारचा मजकूर दाखव' असा नियम लिहिलाय. (होव्हर म्हणजे माउसचं टोक एखाद्या घटकावर असणं.) आता ब्राउझरच्या बाजूने बघा. माउस इमेजवर आला, मजकूर प्रकट झाला आणि इमेजच्या वर पसरला. आता माउसच्या टोकाखाली इमेज नाही, मजकूर आहे. म्हणजे इमेजवरचा होव्हर संपला, मजकूर गेला. मजकूर गेला म्हणून पुन्हा इमेज उघडी पडली, पुन्हा होव्हर लागला. हे चक्र माउस हलेल तसं फिरत राहतं. ब्राउझर चुकत नाहीये, तुम्ही सांगितलंय तेच तो इमानाने करतोय.

उपाय: होव्हरचा नियम इमेजला न लावता दोघांना पोटात घेणाऱ्या चौकटीला लावा. फोटो आणि त्याची ओळख यांच्यासाठी एचटीएमएलमध्ये 'फिगर' आणि 'फिगकॅप्शन' अशी जोडी आहे, तीच वापरा. माउस पोटातल्या कुठल्याही घटकावर असला तरी तो बाहेरच्या फिगरवर आहे असंच धरलं जातं. म्हणून मजकूर वर आला तरी होव्हर तुटत नाही.

मजकूर फोटोवर बसवण्याची रीत अशी. फिगरला 'पोझिशन रिलेटिव्ह', म्हणजे 'पोटातल्यांनी माझ्यापासून मोजा'. फिगकॅप्शनला 'पोझिशन ॲब्सोल्यूट' आणि 'इनसेट शून्य', म्हणजे चारही कडांना चिकटून पसर. फिगरचं 'रिलेटिव्ह' विसरलात तर कॅप्शन अख्ख्या पानावर पसरेल, हे एकदा मुद्दाम करून बघायला सांगा मुलांना. एकदा पाहिलं की जन्मात विसरत नाही.

आणखी दोन गोष्टी. फिगरला ब्राउझर आपणहून डावी-उजवीकडे ४० पिक्सेल मोकळी जागा सोडतो, जाळीत ती शून्य करा. आणि इमेजला 'डिस्प्ले ब्लॉक' द्या. नाही तर इमेज अक्षरासारखी ओळीवर बसते, तिच्याखाली उकारांसाठी राखलेली बारीक फट राहते आणि तुमचा काळा पडदा फोटोच्या खाली दोन-चार पिक्सेल लोंबतो.

सडाफुली

अगदी तेच केलं होतं! डिस्प्ले नन आणि इमेजवर होव्हर. आता नियम फिगरवर नेला, थरथर थांबली. खालची फटही होती, मी ती फोटोची कड समजत होते.

मजकूर झपकन येतो, हळूहळू उमटावा म्हणून ट्रान्झिशन (बदल सावकाश घडवणारा नियम) लावून पाहिलं, काही फरक पडला नाही.

जुनाखांब

'डिस्प्ले' ही स्थिती आहे किंवा नाही एवढीच असते, तिला मधल्या पायऱ्या नाहीत. ऑपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, शून्यापासून एकपर्यंत सरकते, म्हणून ट्रान्झिशन तिच्यावर लावा. पाव सेकंद पुरे. अर्ध्या सेकंदाच्या वर गेलात तर वाचणारा वाट बघत बसतो. आणि ज्यांनी आपल्या यंत्रात 'हालचाल कमी' अशी निवड केलीये त्यांच्यासाठी ट्रान्झिशन बंद ठेवा, सीएसएसला, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेला, ती निवड विचारता येते.

पण ऑपॅसिटी शून्य म्हणजे नाहीसं होणं नव्हे. मजकूर तिथेच असतो, नुसता पारदर्शक. त्यात दुवा असेल तर तो न दिसता दाबला जाऊ शकतो. पूर्ण दडवायचं असेल तर जोडीला 'व्हिजिबिलिटी' लागते. यातलं काय निवडायचं याचा परिणाम आणखी कुणावर तरी होतो, त्याबद्दल इथले जाणकार सांगतीलच.

पन्हळ

एवढा खटाटोप कशाला? इमेजला टायटल द्या. माउस नेला की पिवळी पट्टी येते. एका ओळीत काम.

मनवा_कर्वेनगर

पन्हळ, टायटलचं आकर्षण मलाही होतं, पण ती पट्टी थोडी थांबून येते, तिचा अक्षरांचा आकार बदलता येत नाही, बोटाने चालणाऱ्या फोनवर ती बहुतेक ठिकाणी येतच नाही आणि कीबोर्डने फिरणाऱ्याला ती मिळेल याची खात्री नाही. एचटीएमएलच्या मानक दस्तऐवजातच लिहिलंय की महत्त्वाच्या मजकुरासाठी टायटलवर विसंबू नका.

जुन्या काळचा एक गोंधळ यात मिसळलाय. जुने इंटरनेट एक्सप्लोरर 'अल्ट'चा मजकूरही पिवळ्या पट्टीत दाखवायचे. त्यामुळे एका पिढीची समजूत झाली की अल्ट म्हणजे होव्हरचा मजकूर. तसं नाही. अल्ट हा इमेजच्या बदली द्यायचा मजकूर आहे, इमेज दिसली नाही तर किंवा पाहणाऱ्याला ती दिसत नसेल तर.

जुनाखांब

मनवा, त्या काळाची आठवण निघाली म्हणून सांगतो. १९९६ च्या पहिल्या सीएसएसमध्ये होव्हर नव्हतंच. ते १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आलं. त्याआधी माउस नेल्यावर काही बदलायचं तर जावास्क्रिप्टने एक इमेज काढून तिथे दुसरी ठेवायचो, अक्षरंसुद्धा इमेजमध्ये रंगवलेली. पुढे इंटरनेट एक्सप्लोरर ६ होव्हर मानायचा, पण फक्त दुव्यांवर. म्हणून लोक प्रत्येक फोटोला उगाच दुव्यात गुंडाळायचे. २००६ मध्ये सातवी आवृत्ती आली तेव्हा कुठे इतर घटकांवर होव्हर चालायला लागलं. पुढच्याच वर्षी आयफोन आला, आणि बोटाला होव्हर नसतो हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

दुव्यात गुंडाळण्याची ती सवय अजून जुन्या नमुन्यांमध्ये टिकून आहे. सडाफुली, तुमच्या बाबांच्या फोनवर मोठा फोटो उघडतो तो त्यामुळेच. फोटो दुव्यात आहे, बोट लावलं की दुवा चालतो.

सडाफुली

हो, एका तयार नमुन्यावरून घेतलं होतं, त्यात प्रत्येक फोटो दुव्यात होता. पण मग माझ्या बहिणीच्या आयफोनवर पहिल्यांदा बोट लावल्यावर मजकूर येतो आणि दुसऱ्यांदा मोठा फोटो. हे कसं?

मनवा_कर्वेनगर

आयफोनचा सफारी पहिल्या स्पर्शाला माउस वर आल्याचं सोंग आणतो. त्यामुळे पानावर काही नवं दिसलं, तर तिथेच थांबतो आणि दुसऱ्या स्पर्शाला दुवा चालवतो. बाकी बऱ्याच फोनवर थेट दुवाच चालतो. कुठे मजकूर दिसल्यावर दुसरीकडे बोट लावेपर्यंत तो तसाच चिकटून राहतो. यातल्या कशावरही पान उभं करू नका.

सीएसएसला विचारता येतं, 'या यंत्राचं मुख्य साधन नीट होव्हर करू शकतं का?' प्रश्न उलटा मांडू नका. 'फोन असेल तर खाली दाखव' असं लिहिण्यापेक्षा मूळ नियमात मजकूर फोटोखाली उघडाच ठेवा आणि होव्हर येतं असं यंत्राने सांगितलं तरच तो फोटोवर न्या. मग एखाद्या यंत्राचं उत्तर चुकलं, ब्राउझर जुना निघाला, तरी वाचणाऱ्याच्या हाती मजकूर राहतोच.

कानोसा

नमस्कार सडाफुली ताई. मला दिसत नाही. लॅपटॉपवर एनव्हीडीए वापरतो, फोनवर टॉकबॅक. दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे प्रोग्राम. माझ्याकडे माउस नाही, म्हणून माझ्यासाठी होव्हर ही घटनाच नाही.

जुनाखांब यांनी अर्धवट सोडलेला मुद्दा पुढे नेतो. मजकुराला डिस्प्ले नन किंवा व्हिजिबिलिटी हिडन दिलंत तर स्क्रीन रीडर तो वाचत नाही. तुमच्या पानावर तो मजकूर फक्त होव्हरने उघडत असेल तर माझ्यापुरता तो लिहिलेलाच नाही. ऑपॅसिटी शून्य असेल तर मात्र मला ऐकू येतो. म्हणजे एखादं पान डोळस माणसाला रिकामं आणि मला भरलेलं असंही होतं. पण जे अंधुक दिसणारे लोक स्क्रीन मोठी करून वाचतात, किंवा हात थरथरतो म्हणून कीबोर्डवरच फिरतात, ते दोन्हीकडून सुटतात. त्यांचाही विचार करा.

अल्टबद्दल. खूप पानांवर मला 'इमेज, आयएमजी शून्य शून्य चार सात' असं ऐकू येतं. तुम्ही तरी असं करू नका. अल्टमध्ये जे दिसतं ते लिहा आणि कॅप्शनमध्ये जे माहीत आहे ते लिहा. बारसूच्या फोटोचा अल्ट असा असू शकतो: 'जांभ्याच्या सपाट कातळावर कोरलेला माणूस, दोन्ही बाजूंना त्याच्याकडे तोंड करून उभे असलेले वाघासारखे प्राणी.' कॅप्शनमध्ये: 'बारसू, तालुका राजापूर' आणि बाकीची माहिती. दोन्हीकडे तेच वाक्य टाकलंत तर मला ते दोनदा ऐकावं लागतं.

आणि पानाची भाषा मराठी आहे हे एचटीएमएलच्या सुरुवातीला सांगा. ते नसलं तर माझा स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात मराठी वाचायचा प्रयत्न करतो किंवा अक्षरं गाळतो.

सडाफुली

कानोसा, तुमचा प्रतिसाद मुलांना मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या चाळीस फोटोंचे अल्ट रिकामे होते, खरं सांगायचं तर मला ते भरायचे असतात हेच माहीत नव्हतं. आता मुलं फोटो वाटून घेऊन वर्णनं लिहिताहेत. आणि त्यात एक वेगळीच गोष्ट झाली. वर्णन लिहायला बसल्यावर त्यांना फोटो नीट बघावा लागतोय. 'हा प्राणी कोणता? तोंड कुठल्या बाजूला?' यावर आज अर्धा तास वाद चालला.

अक्षरओळ

कापल्या जाणाऱ्या वेलांट्यांकडे वळतो, कारण त्यावर अजून कुणी बोललं नाही.

बहुतेक नमुने रोमन लिपी समोर ठेवून केलेले असतात. ओळीची उंची १.२ ठेवली की इंग्रजी छान दिसतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. 'र्कीं' आणि खालच्या ओळीत 'द्धृ' असं समोरासमोर आलं की १.२ मध्ये ती एकमेकांत घुसतात. ओळीची उंची १.६ ते १.८ ठेवा, आणि एकक न लावता नुसता आकडा द्या, म्हणजे अक्षर मोठं केलं तरी प्रमाण टिकतं.

कापलं जातं ते बहुधा 'ओव्हरफ्लो हिडन'मुळे. होव्हरवर फोटो किंचित मोठा होण्याचा जो परिणाम नमुन्यांत असतो, त्यासाठी चौकटीला ते दिलेलं असतं. चौकटीत वर-खाली आतली जागा वाढवा. मजकुराच्या पट्टीला ठराविक उंची देऊ नका, किमान उंची द्या.

अक्षरांमध्ये जागा सोडू नका. इंग्रजी मथळ्यांवर ती शोभते, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. फोटोवर उठून दिसावं म्हणून अक्षराला बाहेरून रेघ मारण्याचा मोहही टाळा. प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ लागते आणि जिथे शिरोरेषा जुळते तिथे सांधे दिसतात. त्यापेक्षा अक्षरामागे मऊ सावली बरी.

भाषेच्या नोंदीबद्दल कानोसा म्हणाले त्याला माझ्या बाजूने जोड: मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. काही टंकांमध्ये दोन्ही रूपं असतात आणि पानाची भाषा मराठी आहे असं कळल्यावरच मराठी रूप येतं. तिरो देवनागरी मराठी हा टंक तर मराठीसाठी वेगळाच केलेला आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या टंकसंस्थेचा 'मुक्त' हा टंकही फोटोवर लहान आकारात चांगला वाचता येतो. पातळ वजन घेऊ नका, फोटोच्या खडबडीत पोतावर ते विरून जातं.

पन्हळ

टायटलचा हट्ट सोडला. माझ्या स्वतःच्या पानावरून आज काढून टाकलं. पण पडदा किती काळा ठेवायचा? फार काळा केला तर फोटो दिसत नाही, हलका ठेवला तर अक्षर दिसत नाही.

मनवा_कर्वेनगर

याचं उत्तर गणिताने देता येतं. पांढरी अक्षरं असतील तर सर्वात वाईट प्रसंग धरा: फोटोचा तो भाग पांढराशुभ्र आहे. उन्हाळ्यातलं आकाश फोटोत आलं तर असंच असतं. त्यावर ५० टक्के काळा पडदा टाकला की मधला करडा रंग मिळतो आणि पांढऱ्या अक्षराशी त्याचं कॉन्ट्रास्टचं प्रमाण जेमतेम ३.९५ येतं. नेहमीच्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ लागतं, मोठ्या अक्षरांना ३ चालतं. पडदा ६० टक्के केला की प्रमाण ५.७४ होतं. म्हणजे ६० टक्क्यांवर फोटो कुठलाही असला तरी निर्धास्त राहा.

आणि पडदा अख्ख्या फोटोवर हवाच कशाला? खालच्या तिसऱ्या भागात पट्टी ठेवा. शिल्प उघडं राहील.

घाटवाट

सगळं वाचलं. मला एक मूलभूत प्रश्न पडलाय. माणूस फोटो बघायला माउस नेतो आणि नेमक्या त्याच वेळी आपण फोटो झाकतो. हे उलटं नाही का? नाव, गाव, माप फोटोखाली कायम ठेवा आणि होव्हर पूर्ण काढून टाका. माझं तर ठाम मत आहे की माहितीच्या पानावर होव्हरला जागा नाही.

शिवाय शाळेच्या प्रदर्शनासाठी पान छापलंत तर होव्हरचा मजकूर कागदावर येणार नाही.

सडाफुली

घाटवाट, माहितीपुरतं तुमचं म्हणणं पटलं. नाव-गाव-माप फोटोखाली नेते. प्रदर्शनाचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं, ते जानेवारीत आहे.

पण होव्हर पूर्ण काढायला मन धजत नाही, आणि त्याचं कारण हौस नाही. सड्यावर प्रत्यक्ष उभं राहिलं तरी शिल्प पटकन दिसत नाही. दुपारचं ऊन असेल तर रेघेत सावलीच पडत नाही, सगळा जांभा एकसारखा दिसतो. पावसाळ्यात गवत माजतं. मग बाबा हाताने हवेत रेघ काढून दाखवतात, 'ही सोंड, हा पाय, इथून पाठ वर गेली', आणि एकदम हत्ती उभा राहतो! कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि त्याच्या अंगावर इतर कितीतरी प्राणी. पायाशी उभं राहून तो कळतच नाही.

मला फोटोवर तोच क्षण हवाय. आधी नुसता कातळ, मग त्यावर रेघ, मग प्रत्येक भागाचं नाव. हे फोटोखाली लिहून कसं होणार?

घाटवाट

हे मला आधी कळलं नव्हतं. हे झाकणं नाही, उघडणं आहे. माझं ठाम मत एवढ्यापुरतं मागे घेतो.

फक्त एक काळजी. रेघ तुम्ही काढणार, म्हणजे ते तुमचं वाचन आहे. जांभा झिजलेला असतो, नैसर्गिक भेगाही असतात. पान उघडल्यावर आधी कोरा फोटोच दिसू दे, रेघ मागितल्याशिवाय येऊ नये. आणि जिथे खात्री नाही तिथे रेघ तुटक काढा.

जुनाखांब

आता खरा प्रश्न सापडला. यासाठी एसव्हीजी वापरा, म्हणजे लहान-मोठं केलं तरी न फाटणारं रेघांचं चित्र.

मूळ फोटो समजा ४००० बाय ३००० पिक्सेलचा आहे. त्याच मापाची चौकट एसव्हीजीला सांगायची, त्याला 'व्ह्यूबॉक्स' म्हणतात. फोटोवर बघत बघत सोंड, पाय, पाठ गिरवायची. मग ते चित्र फोटोवर ॲब्सोल्यूट करून पसरायचं. फोटो फोनवर ३५० पिक्सेलचा झाला तरी रेघा त्याच प्रमाणात आकसतात, जागा सोडत नाहीत. जुना 'इमेज मॅप' मात्र घेऊ नका, त्यातले आकडे पिक्सेलमध्ये असतात आणि फोटो लहान झाल्यावर ते बदलत नाहीत. फोनवर सोंडेला हात लावला तर पायाचं नाव यायचं.

तीन खाचखळगे सांगतो. पहिला: जाळीत सगळे फोटो एकसारखे दिसावेत म्हणून 'ऑब्जेक्ट फिट कव्हर' वापरतात, त्यात फोटोच्या कडा कापल्या जातात. कडा कापल्या की रेघा आणि फोटो यांची जुळणी बिघडते. म्हणून रेघा जाळीत नकोत, शिल्पाच्या स्वतंत्र पानावर, न कापलेल्या फोटोवरच ठेवा. दुसरा: चित्र आकसलं की रेघेची जाडीही आकसते आणि फोनवर ती केसासारखी होते. 'नॉन स्केलिंग स्ट्रोक' नावाची सोय आहे, ती लावली की जाडी कायम राहते. तिसरा: नावं एसव्हीजीच्या आत लिहू नका, तीही आकसतील. ती साधी एचटीएमएलमध्ये ठेवा आणि जागा टक्क्यांत द्या, डावीकडून ३२ टक्के, वरून ५५ टक्के अशी.

रेघेचा रंग? पावसात जांभा काळा पडतो, उन्हाळ्यात फिकट. एकच रंग दोन्हीकडे चालत नाही. खाली जाड काळी रेघ आणि वर पातळ पांढरी, अशी जोडरेघ कुठल्याही कातळावर दिसते.

मनवा_कर्वेनगर

+१, आणि हे होव्हरवर सोडू नका. फोटोखाली खरं बटण द्या: 'रेघा दाखवा'. माउसवाल्याला होव्हरनेही दिसू दे, पण बोटाला, कीबोर्डला, स्क्रीन रीडरला बटण. दाबल्यावर एक तर बटणाचं नाव 'रेघा लपवा' असं बदला किंवा 'दाबलेलं आहे' अशी 'एरिया' खूण (स्क्रीन रीडरला घटकाची स्थिती सांगणारी) द्या. दोन्ही एकदम केलंत तर कानोसांना 'रेघा लपवा, दाबलेलं' असं ऐकू येईल आणि रेघा आहेत की नाहीत ते कळणार नाही.

डब्ल्यूसीएजी म्हणजे वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीचे निकष. त्याच्या जून २०१८ मधल्या २.१ आवृत्तीत यासाठी खास निकष आला, १.४.१३. होव्हर किंवा फोकसने (कीबोर्डने घटकावर आल्यावर) जे प्रकट होतं त्याला तीन अटी. माउस न हलवता ते घालवता आलं पाहिजे, उदाहरणार्थ एस्केप दाबून. माउस त्या प्रकट झालेल्या मजकुरावर नेला तर तो गायब होता कामा नये. आणि वाचून होईपर्यंत तो टिकला पाहिजे. धाग्याच्या सुरुवातीची तुमची थरथर आठवा, दुसरी अट तिथेच मोडत होती. एस्केपसाठी थोडं जावास्क्रिप्ट लागेल, बाकी दोन सीएसएसने जमतात.

कानोसा

बटणाची कल्पना चांगली. पण रेघा दिसल्या म्हणून मला काय मिळणार, ते आधीच विचारून ठेवतो. बाबा हवेत रेघ काढताना जे बोलतात, 'ही सोंड, हा पाय, इथून पाठ वर गेली', तेच त्या क्रमाने लिहून बटणाखाली ठेवा. मला हत्ती तसाच उभा करता येईल.

सडाफुली

कानोसा, बाबांना सांगितलं. काल रात्री त्यांनी उक्षीच्या हत्तीचं बोलून दाखवलं, मुलांतल्या एका मुलीने फोनवर टिपून घेतलं. देवाचे गोठण्याच्या मानवाकृतीचंही झालं. तिथे होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडे वळते, ते सांगताना बाबा मूळ वर्णन विसरून सुईकडेच गेले. मी तेही तसंच ठेवलंय.

पन्हळ

एक आठवण. फोनने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. ज्या शिल्पांना अजून कुंपण नाही, पहारा नाही, त्यांचे फोटो टाकताना ती नोंद काढून टाका.

सडाफुली

पन्हळ, मनापासून आभार. दोन फोटो अशाच जागांचे होते, दोन्ही साफ केले.

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. पान तयार झालंय. जाळीत फोटोखाली नाव-गाव-माप कायम. माउस नेल्यावर फक्त कड उजळते, कीबोर्डने आलं तरी तीच उजळते. शिल्पाच्या पानावर आधी कोरा कातळ, बटण दाबलं की जोडरेघ, खाली बाबांचं वर्णन. ओळीची उंची १.७. छापताना रेघा उमटलेल्या येतात, प्रदर्शनासाठी एक प्रत काढून बघितली. मुलांनी 'रिलेटिव्ह' काढून कॅप्शन पानभर पसरवूनही पाहिलं, जुनाखांब.

काल बाबा फोनवर कशेळीचा फोटो घेऊन बसले होते. रेघा दाखवा, रेघा लपवा, रेघा दाखवा. बराच वेळ. मी विचारलं तर म्हणाले, 'शेपटीच्या खाली तू एक रेघ सोडलीस.' आम्ही फोटो मोठा करून पाहिला. काहीतरी आहे. मासा असेल, नाहीतर भेग. फोटो अकरा वाजताचा आहे, सावली नाही, काही ठरवता येत नाही. रविवारी पहाटे निघतोय, सातच्या आत सड्यावर पोचायचं, ऊन तिरपं असताना. तोवर ती रेघ तुटक काढून ठेवलीये.

कानोसा

ठरेल ते वर्णनातही लिहा. सध्या तिथे शेपटीवर वाक्य संपतंय.